वेबसाइटवर फोटो कुणाचे: नेटवरून विकत घेतलेले की स्वतः काढून घेतलेले? (नाशिकच्या व्यावसायिकांसाठी धागा)

इंदिरानगरी

नमस्कार मंडळी.

छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट आणि माहितीपत्रकं करणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच जिल्ह्यातलं: अंबड-सातपूरचे कारखानदार, गंगापूर रोडचे दवाखाने, दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार, त्र्यंबकच्या रस्त्यावरची हॉटेलं. काम ठरलं की पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "फोटो तुम्हीच टाका हो कुठले तरी चांगले, नेटवर ढीग पडलेत." या 'कुठले तरी चांगले'शी माझं भांडण आहे.

ढीग पडलेत हे खरंच. शटरस्टॉक, गेटी, आयस्टॉकवर पैसे भरून मिळतात, अनस्प्लॅशवर फुकट. फोटो वाईटही नसतात, तरबेज लोकांनी काढलेले असतात. पण एकच फोटो जितक्या जणांना विकता येईल तितक्यांना विकायचा, हाच त्या दुकानांचा व्यवसाय. २००४ साली अमेरिकेत डेल आणि गेटवे या एकमेकींच्या स्पर्धक संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच विद्यार्थिनी झळकली होती. दोघींनी एकाच साठ्यातले फोटो घेतलेले. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर कॉलेज रोडवरच्या दोन क्लासेसचं का होणार नाही? हसरी मुलगी, हातात वही, मागे धूसर ग्रंथालय. शहरात सिडकोपासून मेरीपर्यंत सगळ्या क्लासेसची पहिली आलेली मुलगी तीच.

तरी माझी मुख्य तक्रार ही नाहीच. गिऱ्हाईक फोटोत काहीतरी शोधत असतं आणि विकतच्या फोटोत ते सापडत नाही, ही आहे. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या निल्सन नॉर्मन ग्रुपने वाचकांच्या नजरेचा माग काढून २०१० मध्ये लिहिलं होतं, की ज्या फोटोत कामाची माहिती आहे (खरी माणसं, खरी वस्तू) तो लोक निरखून बघतात, आणि नुसत्या शोभेच्या फोटोकडे चक्क दुर्लक्ष करतात.

म्हणून मी हल्ली नव्या गिऱ्हाइकाला आधी एक काम देतो. आठवडाभर फोनजवळ वही ठेवा आणि लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहा. "गाडी लावायला जागा आहे का?" "लिफ्ट आहे का, आईचे गुडघे दुखतात." "खोलीतून डोंगर दिसतो म्हणता, नक्की किती दिसतो?" "तुमच्या मशीनवर केवढा जॉब (घडवायचा भाग) बसतो?" तीच आपल्या फोटोंची यादी. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर परदेशातल्या स्टुडिओत काढलेला फोटो देत नाही.

तुमचे अनुभव लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

कॉलेजरोडकर

पहिला!
सहमत. आमच्या सोसायटीसमोरच्या दंतवैद्याच्या पाटीवर जी गोरी बाई हसते, ती मला सिन्नरच्या एका पाटीवरही हसताना दिसली.

मळेकरी_निफाड

द्राक्षाचं बोलतो, कारण त्यात रोज जीव जातो.

आपल्याकडची निर्यातीची माहितीपत्रकं उघडून बघा. उतारावर सरळ रांगा, मागे उंच निमुळती झाडं, कोपऱ्यात दगडी घर. हे इटली-फ्रान्सकडचं चित्र, आणि तीही वाइनची बाग. आपली खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर नाहीतर वाय पद्धतीवर असते, घड वरून खाली लोंबतात. ज्याने आयुष्यभर द्राक्षाचे कंटेनर उतरवून घेतलेत त्या खरेदीदाराला हा फरक सांगावा लागत नाही. त्याच्या मनात लगेच येणार, हा स्वतःची बाग का दाखवत नाही? आहे ना बाग?

उलट आपला खरा फोटो किती सांगतो बघा. थंडी वाढली की मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आपण घडांना कागद गुंडाळतो. अख्खी बाग वर्तमानपत्रात बांधलेली. आमच्या पोराने हा फोटो बघून "कचरा दिसतोय, काढा" म्हटलं. मी राहू दिला. जाणकार माणसाला त्या कागदांतून कळतं की इथे एकेका घडामागे मजुरी घातलेली आहे. असा फोटो नेटवर शोधून दाखवा.

दुसरं, मण्यांवर पाणी फवारून काढलेले चकचकीत फोटो लावू नका. झाडावरच्या ताज्या मण्यावर पांढुरका थर असतो, तो हात न लागल्याची खूण. पेटीतल्या द्राक्षावर पाणी म्हणजे कूज. ज्याला माल कळतो त्याला तो ओला मणी बघून आनंद होत नाही.

आणि एक, बागेचे फोटो एका दिवसात होत नाहीत. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, जानेवारीपासून काढणी. छाटणी झाल्या झाल्या फोटोग्राफर बोलावलात तर त्याला नुसत्या काड्या मिळतील. काढणीच्या दिवसांत पॅकहाउसमधली प्रतवारी, वजनकाटा, पनेट (द्राक्षाचे छोटे डबे) भरणं, शीतगृह हे सगळं एका सकाळीत होतं. बाकीचं पोराकडून मोबाइलवर वर्षभर काढून घ्या.

इंदिरानगरी

मळेकरी काका, ओल्या मण्यांचं मला नवीन. पुढच्या बागायतदाराला हेच ऐकवतो.

हिशेबनीस

सगळं गोड आहे. पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

शूटचा दिवस, मदतनीस, नंतरचं एडिटिंग. नवा माल आला की पुन्हा शूट. विकतचा फोटो दोन मिनिटांत मिळतो आणि महिन्याची वर्गणी एका दिवसाच्या शूटपेक्षा कितीतरी कमी. शिवाय खरे फोटो शिळे होतात त्याचं काय? माझ्या एका अशिलाच्या साइटवर 'आमची टीम' म्हणून जे हसतायत, त्यातले निम्मे नोकरी सोडून गेले. एक तर समोरच्या स्पर्धकाकडे लागला. असला शिळा खरा फोटो बरा की ताजा विकतचा?

आणि स्वतःच्या फोटोंनी विक्री वाढते म्हणता, तर आकडा द्या.

इंदिरानगरी

आकडा देत नाही, कारण सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नसतोच. दवाखान्याचं गणित वेगळं, साडीचं वेगळं. तुम्ही स्वतःच तपासू शकता. एकाच सेवेच्या पानावरचे फोटो बदला, बाकी अक्षरही हलवू नका, आणि दोन-तीन महिने त्या पानावरून येणाऱ्या चौकश्या मोजा. नुसती संख्या नका बघू, चौकशीचा दर्जाही बघा. "रेट काय?" एवढंच विचारून फोन ठेवणारे किती आणि "शनिवारी येतो" म्हणणारे किती.

शिळ्या फोटोंचं तुमचं म्हणणं रास्त. म्हणूनच मी टीमच्या फोटोवर कमी आणि जागा, यंत्रं, वस्तू, काम करणारे हात यांवर जास्त वेळ घालवायला सांगतो. चेहरे बदलतात, जिने बदलत नाहीत. टीमचा फोटो घ्यायचाच तर प्रत्येकाचा वेगळा, एकाच भिंतीसमोर. गेलेला माणूस काढला, नवा जोडला, संपलं.

आणि सगळं स्वतःचंच हवं असा माझा हट्ट नाही. 'जीएसटीतले बदल' असा लेख टाकलात आणि वर कॅल्क्युलेटरचा विकतचा फोटो लावलात, तर कुणाचं काही बिघडत नाही. त्या फोटोवर कुणी पैसे लावत नाही. जिथे गिऱ्हाईक फोटो बघून पैसे द्यायचं ठरवतं, तिथे मात्र तुमचाच हवा.

सातपूरचा_टर्नर

आमच्यासारख्यांच्या साइटवर कोणता फोटो असतो सांगू? पिवळं हेल्मेट घातलेला माणूस, हातात ग्राइंडर, ठिणग्यांचा पाऊस. अहो, आमच्याकडे सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आहेत. मशीन बंद दारामागे, आत कूलंटचा फवारा. आमच्या शॉपवर एवढ्या ठिणग्या उडाल्या तर मेंटेनन्सवाला पळत येईल.

मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग नवा व्हेंडर बघतो तेव्हा त्याला हवं असतं: मशीन कोणती, किती, बेड केवढा, तपासणीची खोली वेगळी आहे का, सीएमएम (जॉबची मापं तपासायचं यंत्र) आहे का, गेज कसे ठेवलेत, तयार माल आणि रिजेक्शन (नापास माल) वेगळं ठेवता का. ऑडिटला आल्यावर हे तो बघणारच आहे. साइटवर आधीच दिसलं तर ऑडिटला यायचं की नाही ते तो घरबसल्या ठरवतो. लाल पेटीत पडलेल्या रिजेक्ट जॉबचा फोटो लावायला आमचे साहेब घाबरत होते. मला तर तोच सगळ्यात चांगला वाटतो. रिजेक्शन होत नाही असं म्हणणाऱ्या व्हेंडरवर कुणी विश्वास ठेवत नाही.

एक अडचण आहे. गिऱ्हाइकाचा जॉब फोटोत आला तर गोपनीयतेच्या कराराचा भंग होतो. ड्रॉइंग टेबलावर पडलेलं असतं, मशीनच्या पडद्यावर पार्ट नंबर असतो. फोटोग्राफरला हे माहीत नसतं. त्याच्याबरोबर शॉपमधला माणूस हवाच.

तिपाई

(नावावरून ओळखलंत, फोटोग्राफर आहे. त्यामुळे माझं मत आपमतलबी धरा.)

टर्नर साहेबांचा मुद्दा सोन्याचा. आम्ही डेमोसाठी रद्द झालेला जुना जॉब किंवा कोरा गोळा लावून मशीन चालवायला सांगतो. पडद्यावरचा नंबर नंतर पुसण्यापेक्षा आधीच बदलून घेतलेला बरा.

हिशेबनीसांना उत्तर: प्रत्येक गोष्टीला फोटोग्राफर लागतो असं नाही, हे मीच सांगतो. ताजा माल, नवी पाटी, रोजचं काम यांना मोबाइल पुरतो, फक्त चार पथ्यं पाळा. लेन्स पुसा. खिडकीजवळ किंवा सावलीत काढा आणि खोलीतला दिवा बंद करा, कारण बाहेरचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की रंग बिघडतो. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. खोलीचा फोटो अतिरुंद लेन्सने काढू नका. दहा बाय बाराची खोली हॉल दिसते आणि आलेला पाहुणा काउंटरवरच भांडतो. आणि डिझायनरला फोटो व्हॉट्सॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होतो.

फोटोग्राफर कुठे लागतो? चकाकणाऱ्या वस्तूंना, कापडाच्या पोताला, मोठ्या इमारतीला, आणि जिथे पन्नास वस्तू एकसारख्या दिसायला हव्यात तिथे. तांब्या-पितळेची भांडी घ्या. घासलेल्या कळशीत अख्खी खोली दिसते, कॅमेरा धरून वाकलेला मीसुद्धा दिसतो. भोवती पांढरं कापड किंवा बटर पेपर लावून उजेड मऊ करावा लागतो, तेव्हा कुठे तांब्याचा रंग येतो. पुन्हा ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने भरलेला, असे नियम आहेत. तो फोटो अंगणात मोबाइलवर होत नाही. काही जण त्यासाठी नेटवरची दुसऱ्याच कळशीची प्रतिमा लावतात आणि मग परत आलेल्या मालाचं कुरिअर भरत बसतात.

अवांतर: त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. आपल्या जिल्ह्याला हा धंदा नवा नाही.

येवलेकरीण

आमच्या घरात पैठणीचे माग आहेत. नेटवर 'पैठणी' म्हणून शोधलं की अर्ध्या फोटोंत पैठणी नसतेच, कुठलीही जरीकाठी रेशमी साडी असते. विकणाऱ्याला चालतं, कारण घेणारीलाही नीट माहीत नसतं. पण जिला माहीत आहे ती तीच साडी घेते जिचा उलट्या बाजूचा फोटो असेल.

का ते सांगते. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, मोर उलटीकडूनही मोरच असतो. यंत्रावरच्या साडीत मागे धाग्यांचे लांब तरंग लोंबतात नाहीतर कापलेले असतात. म्हणून आम्ही प्रत्येक साडीचे ठरलेले फोटो काढतो: पूर्ण पदर, पदराची उलटी बाजू, काठ जवळून, बुट्टी जवळून, आणि मागावर असतानाचा एक. मागावरचा फोटो त्याच साडीचा. दुसऱ्या साडीचा नाही चालत, गिऱ्हाईक बायका मोराची चोच जुळवून बघतात!

रंगाचं दुखणं मोठं. धूपछाँव रंगात ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे घडी हलली की रंग बदलतो. एका फोटोत ते येतच नाही. आम्ही सावलीतल्या उजेडात एक फोटो काढतो आणि सोबत पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ देतो. तिपाईदादा, जरीसाठी उजेड कुठून घ्यावा? समोरून घेतला की सगळी जरी पांढरी फटक येते.

तिपाई

ताई, बाजूने. खिडकी डावीकडे किंवा उजवीकडे ठेवा, साडी सपाट, आणि खिडकीवर पातळ पांढरा पडदा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा म्हणजे सावली काळी पडणार नाही. उजेड तिरका पडला की विणीचे धागे उठून दिसतात. फ्लॅश अजिबात नको.

वकील_पंचवटी

दोन-तीन कायदेशीर गोष्टी, कारण वर "नेटवर ढीग पडलेत" हे गिऱ्हाइकाचं वाक्य आलंय.

गूगलवर दिसला म्हणून उचलला, तो सरळ उल्लंघन. कोणता फोटो कुठे वापरलाय हे यंत्राने शोधून नोटीस पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. "आमच्या डिझायनरने टाकला" हे उत्तर चालत नाही, साइट तुमची.

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापराला वेगळे भरायचे नाहीत, इतकंच. तुम्हाला मालकी मिळत नाही, परवाना मिळतो, आणि परवान्याला अटी असतात. असा फोटो लोगोत किंवा ट्रेडमार्कमध्ये घालता येत नाही. 'एडिटोरियल' (बातमी-लेखापुरता) शिक्क्याचा फोटो जाहिरातीत चालत नाही, आणि जत्रा-गर्दीचे कितीतरी फोटो त्याच वर्गात असतात. दवाखानेवाल्यांनो, फोटोतल्या मॉडेलला एखाद्या आजाराचा रुग्ण म्हणून दाखवण्यावर परवान्यांत बंधनं असतात. आणि 'आमच्या समाधानी ग्राहक' म्हणून विकतच्या बाईचा चेहरा आणि खाली काल्पनिक अभिप्राय, ही तर थेट दिशाभूल.

आता स्वतः काढून घेतलेल्या फोटोचं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी मोबदला देणाऱ्याची. 'उलट करार नसल्यास' हे शब्द अधोरेखित करा. कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सगळे हक्क छायाचित्रकाराकडे ठेवलेले असू शकतात. शिवाय कलम ५७ प्रमाणे छायाचित्रकाराचा नावाचा हक्क आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क त्याच्याकडे राहतोच. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो, तेव्हा "जुना फोटो आहे, काय होतंय" असं म्हणू नका.

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत: जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळली पाहिजे. आणि बांधकामवाल्यांसाठी रेरा कायद्याचं (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १२. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. आपल्या राज्याच्या महारेरा प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय. फोटोत दाखवलेली बाग आणि तरणतलाव कुठल्या देशातले आहेत हे गिऱ्हाईक विचारणार, कारण तो कोड स्कॅन करून मंजूर आराखडा तिथेच उघडतो.

कॉलेजरोडकर

वकील साहेब, फी किती झाली? 🙂

दुतोंड्या

नाव बघून कळलं असेल मी कुठला.

हॉटेलवाल्यांवर माझा राग आहे. नाशिकच्या लॉजच्या पानावर 'पवित्र गोदाघाट' लिहून खाली काशीचा घाट. बांबूच्या छत्र्या, होड्यांची रांग! एका ठिकाणी तर हरिद्वारचा घड्याळाचा मनोरा. अरे, रामकुंड आपल्या दारात आहे. अहिल्याबाई होळकर पुलावर उभं राहून मोबाइल काढला तरी नारोशंकराचं देऊळ आणि दुतोंड्या मारुती फोटोत येतो. ज्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं यावरून अख्खं गाव पुराचा अंदाज घेतं, तो फोटोत नसेल तर ते नाशिक कसलं?

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बाहेरगावचा माणूस फोटो बघून खोली धरणार. त्याच्याबरोबर म्हातारी माणसं असणार. त्याला सूर्यास्त नको, न्हाणीघर दाखवा. संडास कमोडचा आहे का ते दाखवा. कुंभाच्या पर्वाच्या दिवशी गाड्या आत सोडत नाहीत हे नाशिककर जाणतो, त्याला माहीत नसतं. मग तुमच्या दारापासून कुंडापर्यंतची चालत जायची वाट फोटोंतून दाखवा, एकेका वळणाचा फोटो. हे काम विकतच्या फोटोने होईल का?

आडगावकर

एआय आहे की आता. फोटोग्राफर कशाला आणि वर्गणी कशाला. सांगितलं की चित्र हजर.

दुतोंड्या

करून बघितलं. 'रामकुंड, नाशिक, पहाट' एवढंच सांगितलं. घाट काशीचा, गोपुर दक्षिणेतलं, मारुती गायब.

इंदिरानगरी

आडगावकर, एआय वापरतो मीही. मागची केबल पुसायला, पार्श्वभूमी साफ करायला फार सोयीचं. पण जी खोली अस्तित्वात नाही तिचं चित्र लावलं तर ते विकतच्या फोटोपेक्षाही वाईट. विकतची खोली निदान कुठेतरी असते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलच्या सूचनांतही आहे, की फोटो वस्तुस्थिती दाखवणारा असावा आणि फिल्टरचा अतिरेक नको. शिवाय तुम्ही काहीही लावलंत तरी शेजारी गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो दिसतातच. दोन्हींत फार अंतर पडलं की लोक गिऱ्हाइकांच्या फोटोंवर विश्वास ठेवतात.

खवय्या_भद्रकाली

मिसळीवर कुणीच कसं बोललं नाही? साइटवर, मेनूकार्डावर, ॲपवर सगळीकडे तीच लालभडक तर्री आणि वर कोथिंबीर. आपली काळ्या मसाल्याची, सोबत दही, पापड, कांदा-लिंबू. तो लाल फोटो बघून येणारा माणूस काळा रस्सा बघून "जळलं का?" विचारतो!

कॉलेजरोडकर

काळी वगैरे ठीक, पण खरी मिसळ...

खवय्या_भद्रकाली

इथे नको. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो अजून पेटलेला आहे.

तिपाई

मिसळीचा फोटो काढणं जिकिरीचं काम आहे, म्हणून लिहितो. रस्सा ओतला की फरसाण भराभर मऊ पडतं आणि सगळा चिखल दिसतो. ताट मांडून, कॅमेरा तयार ठेवून, रस्सा सगळ्यात शेवटी. नाहीतर रस्सा वाटीत वेगळा ठेवा, नाशिकला तसाही वेगळा देतात. उजेड मागून, थोडा तिरका, म्हणजे तर्री चमकते आणि वाफ दिसते. काळा रस्सा समोरच्या उजेडात डांबरासारखा येतो, तिथेच सगळे हार मानून नेटवरचा लाल फोटो उचलतात.

ड्रोनबद्दल मला बरेच फोन येतात, तेही इथेच सांगतो. रिसॉर्टवाल्यांना हमखास हवाई फोटो हवा असतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे पट्टे आखलेले आहेत, आणि आपल्याकडे देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने आहेत. 'डिजिटल स्काय' या सरकारी साइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका, आणि "सगळे उडवतात" म्हणणाऱ्या ऑपरेटरला काम देऊ नका. पांडवलेणीला धंद्याच्या शूटसाठी ट्रायपॉड घेऊन गेलात तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

डॉक्टरीणबाई

दवाखान्याच्या बाजूने थोडं. पेशंटचे फोटो आम्ही लावत नाही, आणि जाहिरातबाजीवर आमच्या व्यवसायात बंधनंही आहेत. मग फोटो कशाचे? इंदिरानगरींनी सांगितल्याप्रमाणे रिसेप्शनवर आलेले प्रश्न लिहून काढले. बहुतेक प्रश्न औषधाचे नव्हतेच. व्हीलचेअर आत येते का, बसायला जागा आहे का, रिक्षा दारात थांबते का. आता पानावर रॅम्प, प्रतीक्षेची जागा, रस्त्यावरून दिसणारी पाटी आणि पार्किंग आहे. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून हात बांधून उभे असलेले तीन परदेशी डॉक्टर निवृत्त केले.

हिशेबनीस

डॉक्टरीणबाईंचं उदाहरण पटलं, कारण त्यात खर्चच नाही. माझा आक्षेप अजून आहे: नव्याने धंदा सुरू करणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. गाळा रिकामा, माल यायचाय, माणूस एकटा. त्याने काय करावं?

इंदिरानगरी

रिकामा गाळा रिकामाच दाखवावा, रंगकाम चालू असतानाचा. "दिवाळीला सुरू करतोय" असं खाली लिहावं. एकट्याचा धंदा असेल तर त्या एकट्याचा फोटो. तेवढं पुरतं. पंधरा जणांच्या बैठकीचा विकतचा फोटो लावून आलेलं गिऱ्हाईक गाळ्यात एकट्याला बघून जे तोंड करतं ते परवडत नाही.

हिशेबनीस

बरं. पण लेखांवर मी कॅल्क्युलेटरच लावणार.

सातपूरचा_टर्नर

वकील साहेब, कामगारांच्या फोटोला लेखी परवानगी लागते का? ते आमच्याच पगारावर आहेत.

वकील_पंचवटी

पगार कामाचा आहे, चेहऱ्याचा नाही. एका पानाचं संमतिपत्र मराठीत करा: फोटो कुठे वापरणार, किती काळ, नोकरी सोडल्यावर काढणार की नाही. वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्यालाही द्या. ज्याला नको त्याला फोटोत घेऊ नका, आणि त्याला कारण विचारू नका.

सातपूरचा_टर्नर

ठीक. तिपाई, आमच्याकडे पुढच्या महिन्यात या. सीएमएमची खोली २० अंशांवर असते, फोटोसाठी एसी बंद करावा लागेल का?

तिपाई

नाही, बंद करू नका. फक्त ती खोली सगळ्यात शेवटी ठेवू. थंड खोलीतून कॅमेरा एकदम शॉपमध्ये आणला की लेन्सवर वाफ धरते, पावसाळ्यात तर जास्तच, आणि मग ती जाईपर्यंत सगळे चहा पीत बसतात. मशीन पुसून ठेवा. शॉपमधला माहितगार माणूस दिवसभर माझ्याबरोबर लागेल, त्याची शिफ्ट आधीच बघून ठेवा.